त्रिरश्मीवरचं पाणी : अडवायचं की काढून द्यायचं?

नोकरीची तेहतीस वर्षं मी पाणी अडवण्याचा पगार घेतला. बंधारे, पाझर तलाव, कालव्याचं अस्तरीकरण, सगळं करून झालं. त्यामुळे पांडवलेण्यांच्या वरच्या उतारावर समतल चर खोदून झाडं लावायची टूम आमच्या सकाळच्या कट्ट्यावर निघाली तेव्हा सर्वांत आधी हात वर केला तो मीच. हे प्रकरण त्या टुमेचं आहे. ती कशी मोडली, तिच्या जागी काय झालं आणि काय तसंच राहिलं, एवढंच लिहितो. आमची चूक आमच्या नावावर. बाकी कुणाचं नाव घेण्याची गरज नाही.

जागा आणि तिचे धनी

नाशिकच्या मध्यवस्तीतून मुंबई-आग्रा महामार्गाने मुंबईकडे निघालं की सात-आठ किलोमीटरवर हा डोंगर येतो. पायथ्याला दादासाहेब फाळके स्मारक, शेजारी बुद्ध स्मारक, आणि जरा पुढे नेहरू वनोद्यान. पायऱ्या चढायला माझ्या वयाच्या माणसालाही वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. वर उत्तरेकडे तोंड करून एका ओळीत 24 लेणी. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या एक-दोन शतकांत काम सुरू झालं आणि पुढे सहा-सातशे वर्षं कुणी ना कुणी इथे छिन्नी चालवत राहिलं. पांडवांचा इथे काही संबंध नाही. बुद्धमूर्तींनाच धर्मराज-भीम समजून लोकांनी हे नाव पाडलं. शिलालेखांत डोंगराचं नाव ‘तिरण्हु’ आहे, त्याचं संस्कृत रूप त्रिरश्मी. मी लहानपणापासून पांडवलेणी म्हणत आलो, अजून तोंडात तेच येतं. लिहिताना मात्र त्रिरश्मी लिहायचा प्रयत्न करतो.

भोवतालचं जंगल उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी जातीचं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत डोळे निवतील असं हिरवं, आणि होळीनंतर वाळल्या गवताचा दारूगोळा. मधेमधे गिरिपुष्पाची लागवड. आपल्याकडच्या उघड्या डोंगरांवर लवकर हिरवं दिसावं म्हणून हे झाड सर्रास लावलं गेलं. लोक त्याला उंदीरमारी म्हणतात. अधूनमधून बिबट्याची बातमी येते, आणि वर अडकलेल्या पोरांना अग्निशमन दलाने उतरवल्याचीही.

आता मालकी. लेणी राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. भोवतालचं जंगल वनखात्याचं. वनोद्यान वनविकास महामंडळाच्या जमिनीवर. फाळके स्मारक महापालिकेचं. आणि रोज पहाटे चढणाऱ्या आमच्यासारख्यांना वाटतं की डोंगर आमचाच. एका डोंगराला इतके धनी असले की कुणीतरी आपलं भलं करायला निघतं आणि दुसऱ्याच्या हद्दीत नुकसान करून येतं. या प्रकरणात तो ‘कुणीतरी’ आम्ही होतो.

टूम कशी निघाली

2021 च्या मे महिन्यात बातमी आली की त्रिरश्मीवर आणखी तीन लेणी सापडली. इंग्रज अधिकाऱ्याने 1823 मध्ये या लेण्यांची पहिली नोंद केली, त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. भिक्खूंच्या राहण्याच्या साध्या खोल्या, पण कदाचित माहीत असलेल्या लेण्यांहूनही जुन्या. शहरात हवा झाली. आमच्या कट्ट्यावरच्या निम्म्या मंडळींना रात्रीतून पुरातत्त्वाचं वेड लागलं.

ती लेणी सापडली कशी, हे बातमीत स्पष्ट छापलं होतं. पावसाळ्यापूर्वी पाणी वाहून नेणारी जुनी वाट साफ करताना, झाडोरा काढताना, कामावरच्या लोकांना कोरीव दगड दिसला. म्हणजे मोहीम नव्हती, उत्खनन नव्हतं. गटार साफ करणं होतं. हे वाक्य आम्ही सगळ्यांनी वाचलं आणि सगळ्यांनी सोडून दिलं. आमच्या डोक्यात राहिलं ते एवढंच की डोंगरासाठी आपणही काहीतरी करायला हवं.

काहीतरी म्हणजे काय, तर झाडं. महाराष्ट्रात भलं करायचं म्हटलं की झाडं लावायची आणि चर खोदायचे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे आपल्या पिढीच्या हाडांत शिरलेलं आहे आणि गावाच्या पाणलोटात ते शंभर टक्के खरं आहे. उतारावर समपातळीत चर खोदायचा, पळणारं पाणी त्यात थांबवायचं, जमिनीत मुरवायचं, चराच्या खालच्या बांधावर रोपं लावायची. मी स्वतः कागदावर आखणी केली. लेण्यांच्या वरच्या उतारावर चरांच्या ओळी. वर्गणी जमली, एका रोपवाटिकेशी बोलणं झालं. वनखात्याकडे अर्ज करायचा ठरलं. पुरातत्त्वकडे अर्ज करावा हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण आम्ही लेण्यांना हातच लावणार नव्हतो. आम्ही तर वर खोदणार होतो.

मामांचा एक प्रश्न

लेण्यांवर देखरेखीला असलेल्या एका परिचरांना आम्ही सगळे मामा म्हणतो. आखणीचा कागद मी त्यांनाही दाखवला, जरा मिरवायलाच. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “काका, वर जिरवलेलं पाणी निघंल कुठून?”

मी म्हणालो, “जमिनीत जाईल.”

“जमीन म्हंजी काय हिथं? खाली समदी लेणीच की.”

तेहतीस वर्षं पाझर तलावांच्या खालच्या विहिरी मोजणाऱ्या माणसाला हे दुसऱ्याने सांगावं लागलं. त्या दिवशी मी चहा न घेताच घरी गेलो.

गणित असं आहे. दख्खनचा बेसाल्ट एकजीव कातळ आहे असं आपण धरून चालतो. पण तो थरांचा आहे. लाव्हाचा एक लोट आला, थिजला, काही काळाने त्यावर दुसरा आला. लोटाचा वरचा भाग बुडबुड्यांनी जाळीदार होतो, त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटसारखी खनिजं बसतात. मधला भाग घट्ट, पण थिजताना आकसून उभ्या भेगा पडलेला. दोन लोटांच्या सांध्यात काही ठिकाणी लाल, चिकणमातीसारखा पट्टा असतो. पावसाचं पाणी उभ्या भेगांतून खाली उतरतं, घट्ट थरावर किंवा लाल पट्ट्यावर अडतं, मग आडवं चालू लागतं आणि जिथे डोंगर कापलेला असतो तिथे बाहेर पडतं. सह्याद्रीतल्या कित्येक किल्ल्यांवरची टाकी याच हिशोबाने भरतात.

लेणं म्हणजे माणसाने डोंगराला दिलेला कापच. वरून मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला त्याहून सोपी वाट कुठली? कोरणाऱ्यांना हे पक्कं कळत होतं. त्यांनी लेण्यांच्या बाजूला पोढ्या, म्हणजे टाकी, खोदून त्या पाण्याचा उपयोग करून घेतला. 4 क्रमांकाचं लेणं पाहा. तिथे पूर्वीची जमीनच खाली तोडली गेली आहे आणि आत पाणी साठतं. वरच्या वेदिकेच्या, म्हणजे कठड्यासारख्या नक्षीच्या पट्टीवरून मूळ उंचीचा अंदाज येतो. राहण्याच्या जागेचं तिथे टाकं झालं. आणि 19 क्रमांकाचं लेणं चैत्यगृहापेक्षा, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यापेक्षा, खालच्या पातळीवर असल्याने जुन्या वर्णनांत मातीने बुजलेलं आढळतं. वरून वाहून आलेली माती शेवटी सगळ्यांत खालच्या दारात जाणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. गंमत म्हणजे याच बुजलेल्या लेण्यात सातवाहन राजा कन्हाच्या काळचा लेख आहे. नासिकच्या, श्रमणांचं म्हणजे भिक्खूंचं काम पाहणाऱ्या महामात्राने हे लेणं करवलं, असं तो सांगतो. लेण्यांकडे लक्ष द्यायला नेमलेला अधिकारी या गावात दोन हजार वर्षांपूर्वी होता.

भिजणं आणि वाळणं

नाशिक शहरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पलीकडे त्र्यंबकेश्वरला त्याच्या कितीतरी पट. म्हणजे पावसाचं प्रमाण त्रिरश्मीचा शत्रू म्हणावं इतकं नाही. दगड सतत ओला राहिला तर फार बिघडत नाही, सतत कोरडा राहिला तरी नाही. ओला, कोरडा, पुन्हा ओला, हे चक्र त्याला खातं. पाण्याबरोबर विरघळलेले क्षार पृष्ठभागाशी येतात, पाणी उडून जातं, क्षार तिथेच स्फटिक होऊन फुगतात. भिंतीवर पिठासारखी पांढरी पूड दिसते ती हीच. मग वरचा पापुद्रा सुटतो. लेणी उत्तराभिमुख असल्याने ऊन कमी, ओल लवकर हटत नाही, शेवाळाची चंगळ.

शिल्पाचा पापुद्रा गेला तर नाक जातं, बोट जातं, तरी मूर्ती ओळखता येते. शिलालेखाचा गेला तर वाक्य जातं. आणि त्रिरश्मीची खरी दौलत तिचे लेख आहेत. 3 क्रमांकाच्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे, तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राजवटीच्या 19व्या वर्षातला. गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल आपण शाळेत जे काही शिकलो त्यातला बराच भाग आईने कोरवलेल्या या एका भिंतीवरून आलेला आहे. 10 क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात आणि त्याची बायको दक्षमित्रा यांचे लेख. आम्ही पाणी जिरवणार होतो ते या भिंतींच्या डोक्यावर.

जाता जाता, अक्षरं नीट दिसावीत म्हणून त्यांत खडू किंवा रांगोळी भरणारे लोक मी पाहिले आहेत. एकदा एकाने बाटलीतलं पाणी मारलं, फोटोत काळंभोर येतं म्हणून. त्यांना टोकलं की ‘साहेब, इतिहासाचं प्रेम आहे’ असं उत्तर येतं. आम्हालाही तेच होतं.

वही

आखणीचा कागद फाडला, पण पावसाळा समोर होता आणि वर्गणीदार विचारत होते. मी मामांना म्हटलं, निदान पाणी कुठून येतं ते तरी पाहू. हात न लावता, खोदकाम न करता, नुसतं पाहायचं. त्यासाठी दोनशे पानी वही घेतली.

पद्धत कुणालाही जमेल अशी आहे, म्हणून सविस्तर देतो. पाऊस कधी पडला आणि कधी थांबला ते लिहायचं. मग ओसरीतलं आणि आतलं प्रत्येक गळणं एका साध्या नकाशावर दाखवायचं आणि रोज त्याच वेळी पाहायचं. पाऊस थांबल्यावर तासाभरात थांबणारं गळणं म्हणजे वरून कड्यावर ओघळणारं पाणी. ते पागोळ्यांसारखं दर्शनी कडेवरून पडायला हवं, पण कड वर झिजलेली असली किंवा तिथली पन्हळ गाळाने भरली असली की ते आत वळतं. याउलट ऊन पडल्यावरही दिवसेंदिवस टपकत राहणारं पाणी भेगेतून मुरून आलेलं. पहिल्याचा उपाय साफसफाई आणि पाणी वळवणं. दुसऱ्याचा उपाय वर डोंगरात, जिथे पाणी थांबतं ती जागा बुजवण्यात. दोन्हींत गल्लत झाली की माणूस आत सिमेंट थापतो आणि पाणी शेजारच्या खोलीत जाऊन निघतं.

आमच्या नकाशावर बरंचसं गळणं पहिल्या जातीचं निघालं. दुसऱ्या जातीची काही ठिकाणं होती, त्यांतलं एक लेखाच्या भिंतीपासून फार लांब नव्हतं. लेणं कोणतं ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर उद्या तिथे हात लावून पाहणाऱ्यांची रांग लागेल. त्या जागेच्या वरच्या बाजूला नजर टाकली तर उतारावर कधीकाळी कुणीतरी खोदलेले, आता अर्धवट बुजलेले खड्डे होते, गिरिपुष्पाच्या ओळीत. म्हणजे आमच्या आधीही कुणाला तरी हीच बुद्धी झाली होती. तेव्हा मामा नसावेत.

मुळं

पाण्याचा धाकटा भाऊ म्हणजे मूळ. पक्ष्याच्या विष्ठेतून उंबर-पिंपळ-वडाचं बी कड्याच्या भेगेत पडतं. तिथे चमचाभर माती आणि झिरपणारं पाणी असलं की पुरे. पहिल्या वर्षी ते रोप गोंडस दिसतं. पाचव्या वर्षी भेग रुंद झालेली असते.

काढताना दोन चुका नेहमी होतात. एक, वरून कापून मोकळं होणं. तसं केलं की पुढच्या पावसात चार फांद्या जास्त फुटतात. दोन, ओढून उपटणं, म्हणजे मुळाबरोबर दगडाचा तुकडाही हातात. रीत अशी की खोड कापायचं, बुंध्यात औषध भरून मूळ जागीच मारायचं, ते सुकलं की भेग चुन्याच्या पातळ गाऱ्याने भरायची. चुनाच, सिमेंट नाही. सिमेंट बेसाल्टच्या भेगेत दगडापेक्षा वेगळ्या ताकदीने बसतं, ओल कोंडतं, स्वतःचे क्षार दगडाला देतं आणि शेवटी आपल्या कडेने नवी भेग पाडतं. चुना श्वास घेतो, गरज पडली तर तोच आधी तुटतो आणि दगड वाचतो. पुरातत्त्व सर्वेक्षणाचं 2014 चं संवर्धन धोरणही हेच सांगतं, की हस्तक्षेप कमीत कमी आणि साहित्य मूळ बांधणीशी जुळणारं असावं. हे काम अर्थात त्यांच्याच कारागिरांचं. हौशी माणसाने कड्यावर दोर बांधून विळा घेऊन जाऊ नये. एक तर पडायचं भय, आणि दुसरं म्हणजे कपारीतलं आग्या मोहोळ. ते उठलं की पायऱ्यांवरच्या शाळेच्या सहलीलाही पळता भुई थोडी होते.

इथे जंगलवाल्यांचं म्हणणं येतं, आणि ते खोटं नाही. उंबर म्हणजे पाखरांचं अन्न, उतारावरचं झाड म्हणजे मातीची मूठ. सगळा उतार बोडका केला तर पहिल्याच धारेला माती सुटेल आणि तीच खाली लेण्यांच्या दारात येईल. म्हणून ‘झाडं काढा’ हे उत्तर ‘झाडं लावा’ इतकंच आंधळं. गवत आणि झुडपं हवीत, पण कड्याच्या कडेला आणि लेण्यांच्या माथ्यावर मोठ्या मुळांचं झाड नको, पाणी थांबवणारा खड्डा नको. जसजसं लेण्यांपासून लांब आणि खाली यावं, तसतसं जंगल दाट चालेल. वणव्याचंही तसंच. लेण्यांच्या बाजूने जाळरेषा राखायची ती वनखात्याने, पण कड्यालगत गवत जाळून नाही तर कापून, कारण तापलेला बेसाल्ट ढलप्या सोडतो.

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथेही जंगल एका खात्याचं, लेणी दुसऱ्याची, आणि पाऊस आमच्या कित्येक पट. तिथल्या जुन्या लोकांनी कातळावरच पन्हळी कोरून छपरावरचं पाणी टाक्यांत उतरवलं. पाणी मुरू द्यायचं नाही, वाहू द्यायचं आणि हव्या त्या जागी नेऊन साठवायचं. मी तिथे गेलो तेव्हा मूर्तींपेक्षा त्या पन्हळींकडेच जास्त पाहत बसलो. बायकोने विचारलं, “अहो, निवृत्त झालात ना?”

राजाच्या चुकीची दुरुस्ती

पावसाळाभर वही घेऊन ओसरीत बसलो असताना भिंतीवर काय लिहिलंय ते नीट वाचावंसं वाटलं. वाचनं छापलेली आहेत, ती घेऊन बसलो. आणि माझ्या नोकरीतल्या फाइली आठवल्या.

गौतमीपुत्राने आपल्या राजवटीच्या 18व्या वर्षी गोवर्धनच्या अमात्याला हुकूम दिला, की पश्चिम काखडी गावातलं 200 निवर्तनं (निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप) शेत त्रिरश्मीच्या भिक्खूंना द्यावं. सहा वर्षांनी, 24व्या वर्षी, दुसरा हुकूम त्याच भिंतीवर. राजा आणि राजमाता सांगतात : आम्ही दिलेलं ते शेत कसलं जात नाही, गावात वस्तीही नाही, म्हणून शहराच्या हद्दीवरच्या राजाच्या शेतातून 100 निवर्तनं देतो. म्हणजे कुणीतरी जाऊन पाहिलं, दिलेली सोय कामाला येत नाही हे वर कळवलं, आणि राजाने आपलाच हुकूम बदलून ते दगडावर कोरवलं. दिलेल्या जमिनीच्या अटीही लिहिल्या : राजाच्या माणसांनी आत शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही, जिल्ह्याच्या अंमलदारांनी ढवळाढवळ करायची नाही. आमच्या काळात 1958 चा स्मारक कायदा आणि 2010 च्या दुरुस्तीने शंभर मीटरचं प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटरचं नियंत्रित क्षेत्र आलं. ‘खणायचं नाही’ ही अट मात्र त्याआधी अठराशे वर्षं त्या भिंतीवर होती आणि आम्ही तिच्या डोक्यावर खणायला निघालो होतो.

पुढे पुळुमावीने आपल्या 19व्या वर्षी सुदसण नावाचं गाव दिलं, तेही लेण्याच्या देखभालीसाठी ‘अक्षयनीवी’ म्हणून. मुद्दल कायम, उत्पन्नातून काम. 22व्या वर्षी तेही बदलून सामलिपद गाव दिलं. उषवदाताचा हिशोब तर थेट बँकेतला. 3000 कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, 2000 महिना एक टक्का व्याजाने आणि 1000 पाऊण टक्क्याने. मुद्दल परत करायचं नाही, व्याज तेवढं खायचं. 2000 वरचं वर्षाचं व्याज 240, आणि त्यातून 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. 240 भागिले 20 म्हणजे 12. एक नाणंही इकडे तिकडे नाही. ओसरीत बसून मी तो भागाकार पुन्हा करून पाहिला.

मला यात दिसलं ते असं की लेणं कोरण्याइतकंच महत्त्व लेणं चालू ठेवण्याला होतं, त्यासाठी दरवर्षी येणारे पैसे होते आणि ते येत नसतील तर चौकशी होती. आमची वर्गणी एका दिवसाच्या समारंभाची होती. फ्लेक्सचा खर्च रोपांच्या खर्चाला टेकला होता, हेही लिहून टाकतो.

मग केलं काय

समतल चर रद्द. वर एकही खड्डा नाही. झाडं लावायची ती पायथ्याला, परवानगी घेऊन, लेण्यांच्या कड्यापासून दूर सपाटीवर, आणि तीही मोजकी, तीन उन्हाळे पाणी घालता येईल एवढीच. कट्ट्यावरचे काही जण यामुळे रुसले. शंभर झाडांचा फोटो आणि बारा झाडांचा फोटो यांत फरक पडतोच.

वहीची प्रत आम्ही संबंधितांना दिली. सोबत एक पानाचं निवेदन. त्यात मागण्या नव्हत्या, निरीक्षणं होती : कोणत्या ठिकाणी किती दिवस टपकतं, त्याच्या वर काय आहे, कोणती जुनी पाण्याची वाट गाळाने भरलेली दिसते. एका ठिकाणी बैठक झाली. टेबलाच्या एका बाजूला झाडं मोजणारे, दुसऱ्या बाजूला दगड सांभाळणारे, आणि दोघांनाही एकमेकांचं काम आपल्या कामातला अडथळा वाटत होता. मी जास्त बोललो नाही. नकाशा उघडून ठेवला. गिरिपुष्पाच्या जुन्या खड्ड्यांवर बोट ठेवलं आणि त्याखालच्या टपकण्यावर दुसरं बोट. जंगलाच्या बाजूचे एक तरुण अधिकारी बराच वेळ ती दोन बोटं पाहत होते. मग म्हणाले, “म्हणजे आम्ही जिरवतोय ते तुमच्याकडे निघतंय.” यापेक्षा सोपं मलाही सांगता आलं नसतं.

पावसाळ्याआधी पाण्याच्या वाटा साफ करायच्या, हे आधीपासूनच चालत होतं. आता वरच्या भागातल्या झाडोऱ्याचं काम दोघांनी एकाच आठवड्यात करायचं ठरलं, म्हणजे एकाने कापलेला पाला दुसऱ्याच्या पन्हळीत जायला नको. गाळ उपसताना फावडं लावणारा माणूस पुरातत्त्वचाच हवा, यावर मी अडून बसलो. कारण 2021. गटार म्हणून जे उपसता त्याच्या पोटात काय आहे ते कुणाला ठाऊक? वळवलेलं पाणी सोडायचं कुठे, यावरही वाद झाला. पश्चिमेच्या लेण्यांवरचं पाणी वळवून पूर्वेच्या लेण्यांवर सोडणं म्हणजे आपल्या अंगणातला कचरा शेजारी झाडणं. लेण्यांची ओळ संपल्यावरच्या नैसर्गिक ओहोळापर्यंत उतार मिळतो का, हे लेव्हल लावूनच ठरवावं लागेल. ते अजून झालेलं नाही.

आमच्याकडे राहिली वही. दरवर्षी जूनमध्ये नवी. मृगाच्या पहिल्या सरीपासून नवरात्रापर्यंत रोज कुणीतरी जाऊन पाहतं. आता मी एकटा नाही, पायथ्याजवळच्या कॉलेजातली दोन मुलं येतात. त्यांनी वही मोबाइलवर आणली आहे, फोटो त्याच कोनातून काढतात, बाजूला मोजपट्टी धरून. माझं अक्षर त्यांना लागत नाही म्हणे.

आजची नोंद

पहिल्या जातीचं गळणं कमी झालंय, ते डोळ्यांना दिसतं. साफ केलेल्या वाटेखालच्या ओसऱ्या पाऊस थांबला की लवकर सुकतात. लेखाजवळचं दुसऱ्या जातीचं टपकणं तसंच आहे. वरचे जुने खड्डे माती दाबून बुजवायचे, पाणी थांबणार नाही असा उतार द्यायचा आणि तिथली गिरिपुष्पं मुळासकट न उपटता बुंध्याशी संपवायची, एवढ्या कामाचा प्रस्ताव एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलाय. दोन्ही टेबलांवर त्याला विरोध नाही.

परवा सकाळी मामांनी कड्याकडे बोट दाखवलं. मागच्या वर्षी औषध भरलेल्या उंबराच्या वीतभर बाजूला नवं रोप, चार पानांचं. वहीत लिहून घेतलं, फोटो काढला. मामा म्हणाले, “आत्ता कवळं हाय, पाऊस सरला की करू त्याचं.”

टपकणं चालू आहे.